वर्ग गाडीचा, वेग रुळांचा

ताशी ५५ किलोमीटर. भारतीय रेल्वेच्या हिशेबात याला 'सुपरफास्ट' म्हणतात. ब्रॉडगेजवरच्या गाडीचा जाताना आणि येताना, दोन्ही दिशांना, सरासरी वेग निदान एवढा बसत असेल तर ती सुपरफास्ट ठरते आणि तिच्या तिकिटावर जादा आकार चढतो. साध्या दुसऱ्या वर्गाला १५ रुपये, स्लीपरला ३०, बहुतेक वातानुकूलित वर्गांना ४५ आणि पहिल्या वातानुकूलित वर्गाला ७५. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर याच वेगाने मोटार हाकली, तर मागचा ट्रकवाला हॉर्न देऊन कान किटवेल.

बरे, एवढाही वेग सगळ्यांना झेपत नाही. गाड्यांचा वक्तशीरपणा आणि प्रवासाला लागणारा वेळ यांवर 'कॅग'ने म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी एक अहवाल तयार केला. तो २०२२ मध्ये संसदेपुढे आला. तपासलेल्या ४७८ सुपरफास्ट गाड्यांपैकी १२३ गाड्यांचा वेळापत्रकात छापलेला वेगच ५५ च्या खाली होता, असे त्यात म्हटले आहे. उशिराने धावल्यामुळे वेग घटला, असा हा प्रकार नाही. गाडी अगदी वेळेवर पोहोचली तरी ती सुपरफास्ट ठरत नव्हती, पण जादा आकार वसूल होत होता. त्याच अहवालानुसार २०१९-२० मध्ये मेल-एक्स्प्रेस गाड्यांचा सरासरी वेग ताशी ५० किलोमीटरच्या जेमतेम वर होता. गाड्यांचा वेग वाढवण्यासाठी आखलेल्या 'मिशन रफ्तार'चे उद्दिष्ट होते ७५. त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत पायाभूत सुविधांवर सुमारे अडीच लाख कोटी रुपये खर्च झाले होते.

याच काळात स्टेशनांवर नव्या, देखण्या गाड्या दिसू लागल्या. टोकदार नाकाच्या, आपोआप उघडणाऱ्या दारांच्या, फिरत्या खुर्च्यांच्या. उद्घाटनाच्या दिवशी झेंडूच्या माळांनी मढलेली वंदे भारत पाहून कुणालाही वाटावे की आपण वेगाच्या नव्या युगात आलो. आलो आहोत का? उत्तर शोधायचे तर गाड्यांची नावे बाजूला ठेवून आधी वर्गवारी तपासावी लागते आणि मग गाडीखाली वाकून रूळ पाहावे लागतात.

नावांची उतरंड

राजधानी एक्स्प्रेस मार्च १९६९ मध्ये हावडा आणि नवी दिल्ली यांच्या दरम्यान सुरू झाली. तोवर देशात प्रवासी गाडीची कमाल मर्यादा ताशी ९६ किलोमीटर होती. राजधानी १२० ने धावली आणि सुमारे १,४५० किलोमीटरचे अंतर १७ तास २० मिनिटांत कापू लागली. भागाकार केला तर सरासरी निघते ताशी ८३ किलोमीटर. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

१९८८ मध्ये माधवराव शिंदे रेल्वे खाते सांभाळत असताना शताब्दी आली. पंडित नेहरूंच्या जन्मशताब्दीचे निमित्त होते. पहिली गाडी नवी दिल्ली ते झाशी धावली आणि पुढे भोपाळपर्यंत वाढली. दिल्ली-आग्रा टप्प्यात तिला ताशी १५० ची परवानगी मिळाली. त्यानंतर मात्र बहुतेक प्रत्येक रेल्वेमंत्र्याला आपल्या कारकिर्दीची ओळख सांगणारी एखादी गाडी हवीशी वाटू लागली. २००२ मध्ये जनशताब्दी आली. लालूप्रसाद यादवांनी २००६ मध्ये गरीब रथ आणला, ममता बॅनर्जींनी २००९ मध्ये दुरांतो. मालवणी मुलखातले सुरेश प्रभू यांनी २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात हमसफर, तेजस, उदय आणि अंत्योदय या चार नावांची घोषणा एकदमच केली. पहिली तेजस २०१७ च्या मे महिन्यात मुंबईहून गोव्यातल्या करमळीला गेली.

या नावांकडे वर्गवारी म्हणून पाहिले की गंमत कळते. राजधानीची ओळख ती कुठे जाते यावरून. शताब्दी सकाळी निघून रात्री घरी परतते. गरीब रथ स्वस्त वातानुकूलित प्रवासासाठी, तर दुरांतो सुरुवातीला मधे प्रवासी घेत-उतरवत नव्हती म्हणून वेगळी. तेजस सोयींवर उभी, अंत्योदय आरक्षणाविना प्रवास करणाऱ्यांसाठी. म्हणजे एकीला अंतराची फूटपट्टी, दुसरीला भाड्याची, तिसरीला थांब्यांची, चौथीला सुखसोयींची. वेग मोजणारी पट्टी फक्त सुपरफास्टची आणि ती ५५ वर अडकलेली.

डिसेंबर २०१० पासून गाड्यांना पाच आकडी क्रमांक मिळाले. त्यात बरीच शिस्त आहे. सुरुवातीला शून्य असेल तर गाडी विशेष, नऊ असेल तर मुंबईची लोकल, आणि १२ किंवा २२ असेल तर सुपरफास्ट. ताशी ५६ ने जाणारी आणि ताशी ९० ने जाणारी, दोघीही या एकाच डब्यात कोंबलेल्या. क्रमांक वाचून प्रवाशाला गाडीचे घराणे कळते, चाल कळत नाही.

डबा बदलला, मग गाडीच बदलली

नावांपेक्षा कितीतरी मोलाचा बदल मात्र कारखान्यांत घडत होता. चेन्नईच्या पेरांबूर भागातली इंटिग्रल कोच फॅक्टरी, म्हणजे आयसीएफ, २ ऑक्टोबर १९५५ रोजी सुरू झाली. स्वित्झर्लंडच्या श्लीरेन कंपनीच्या आराखड्यावरून बेतलेला तिचा निळा, तपकिरी डबा साठ वर्षे देशाला वाहत राहिला. त्याचा मोठा दोष अपघातात दिसे. धडक बसली की डबे एकमेकांवर चढत आणि बळींचा आकडा वाढे. नव्वदच्या दशकात जर्मनीच्या लिंके-हॉफमान-बुश कंपनीशी करार झाला आणि कपूरथळ्याच्या कारखान्यात एलएचबी डबे बनू लागले. स्टेनलेस स्टीलचा सांगाडा, डिस्क ब्रेक, ताशी १६० साठी योग्य बोगी आणि डब्यांना एकमेकांवर चढू न देणारी मधली जोडणी. २०१८ च्या सुरुवातीला आयसीएफने आपला जुना डबा बनवणे थांबवले. भारतीय रेल्वेच्या सुरक्षिततेतली ही मोठी क्रांती, पण तिला ना नाव होते ना झेंडूची माळ.

तरीही एलएचबी गाडी पुढे इंजिन आणि मागे डबे याच जुन्या पद्धतीची होती. ती पद्धत 'ट्रेन १८' ने मोडली. आयसीएफचे तेव्हाचे महाव्यवस्थापक सुधांशु मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दीड वर्षात, शंभर कोटींच्या आतबाहेर खर्चात, हा सोळा डब्यांचा संच तयार केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो कारखान्याबाहेर आला. त्याच डिसेंबरात कोटा-सवाई माधोपूर टप्प्यातल्या चाचणीत त्याने ताशी १८० किलोमीटर गाठले. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी वंदे भारत या नावाने तो नवी दिल्ली-वाराणसी मार्गावर रुजू झाला.

या गाडीचे खरे बळ तिच्या पोटाखाली आहे. नेहमीच्या गाडीत ओढण्याचे सारे काम इंजिनाच्या चार-सहा आसांवर असते. वंदे भारतच्या ६४ आसांपैकी निम्म्या आसांना मोटारी आहेत आणि सारी यंत्रसामग्री डब्यांखाली बसवली आहे. त्यामुळे ती झपकन वेग पकडते आणि तितक्याच लवकर थांबते. दोन्ही टोकांना चालककक्ष असल्याने इंजिन काढून उलट्या बाजूला लावण्याची खटपट नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये गांधीनगर-मुंबई मार्गावर आलेली दुसरी आवृत्ती ४३० टनांवरून ३९२ टनांवर उतरली आणि शून्यापासून ताशी १०० चा वेग ५२ सेकंदांत घेऊ लागली. मधली साडेतीन वर्षे मात्र जवळजवळ वाया गेली होती. २०१९ अखेर दोनच वंदे भारत धावत होत्या आणि तिसरी यायला २०२२ चा सप्टेंबर उजाडला.

गाडी उत्तम आहे, यात वाद नाही. वाद पुढे आहे.

आठ मिनिटांचा हिशेब

माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरांनुसार वंदे भारत गाड्यांचा एकत्रित सरासरी वेग २०२०-२१ मध्ये ताशी ८४.४८ किलोमीटर होता. २०२३-२४ मध्ये तो ७६.२५ वर आला. म्हणजे १८० ची चाचणी दिलेल्या आणि १६० ची क्षमता असलेल्या या ताफ्याची सरासरी १९६९ च्या डिझेल इंजिनाने ओढलेल्या राजधानीहून कमी. तुलना थोडी अन्यायाची आहे, हे मान्य. पहिल्या राजधानीला थांबे नसल्यासारखे होते आणि ती देशातल्या सर्वांत चांगल्या मार्गांपैकी एकावर धावत होती. पण अन्याय जिथे आहे तिथेच उत्तरही आहे. गाड्या वाढल्या तशा त्या डोंगराळ, एकेरी आणि गर्दीच्या मार्गांवर गेल्या. रेक, म्हणजे डब्यांचा संच, तोच, रूळ वेगळे आणि म्हणून वेग वेगळा.

साधे गणित करून पाहू. शंभर किलोमीटरचा टप्पा ताशी १३० ने पार करायला ४६ मिनिटे लागतात, १६० ने साडेसदतीस. वाचली साडेआठ मिनिटे. आता याच टप्प्यात पाच किलोमीटरवर रुळांचे काम चालू आहे आणि लोको पायलटच्या हातात ताशी ३० ची कॉशन ऑर्डर, म्हणजे वेग उतरवण्याची लेखी सूचना, आहे असे धरा. तेवढे पाच किलोमीटर दहा मिनिटे खातात. वेग उतरवण्यात आणि पुन्हा चढवण्यात गेलेला वेळ वेगळा. कमाल वेग तीसने वाढवून जे कमावले ते एका कॉशनने गिळले. म्हणून जाणकार रेल्वेवाले कमाल वेगाबद्दल फारसे बोलत नाहीत. ते विचारतात, वाटेत वळणे किती, कायमच्या वेगमर्यादा किती, मालगाड्या किती आणि गाडीला मोकळा 'पाथ' मिळतो का?

आपल्याकडे एकाच रुळावर कोळशाची मालगाडी, पॅसेंजर, मेमू, राजधानी आणि वंदे भारत एकामागून एक चालतात. वेगातला फरक जितका मोठा, तितकी वेगवान गाडीसाठी पुढची वाट जास्त वेळ रिकामी ठेवावी लागते. एका वंदे भारतला वाट द्यायला दोन-तीन गाड्या बाजूच्या लूप लाइनवर उभ्या राहतात. वंदे भारतच्या खिडकीत बसलेल्याला वेग दिसतो, लूपवर उभ्या गाडीतल्याला नुसते भुर्रकन गेलेले डबे. मालगाड्यांसाठी बांधलेले स्वतंत्र मार्ग, लुधियाना ते सोननगर आणि दादरी ते जेएनपीटी, याच कारणाने महत्त्वाचे. प्रवासी गाडीचा वेग वाढवायचा एक खात्रीचा उपाय म्हणजे तिच्या वाटेतून मालगाडी काढणे.

ताशी १३० च्या पुढे जायचे तर आणखी तयारी लागते. त्या वेगाने जाताना बाहेरचा सिग्नल डोळ्यांनी टिपून गाडी आवरणे भरवशाचे राहत नाही, म्हणून 'कवच'सारखी गाडीतच सिग्नल दाखवणारी आणि गरज पडल्यास आपण होऊन ब्रेक लावणारी यंत्रणा हवी. फाटके बंद करायला हवीत, पॉइंट्स मजबूत हवेत, दोन्ही बाजूंना कुंपण हवे. कुंपणाची गरज ऑक्टोबर २०२२ मध्ये सगळ्या देशाने पाहिली. गांधीनगर-मुंबई वंदे भारतची वटवा-मणिनगर दरम्यान म्हशींच्या कळपाशी धडक झाली आणि गाडीचे नाक निघाले. रातोरात नवे बसवून गाडी दुसऱ्या दिवशी धावली, पण मुंबई-अहमदाबाद मार्गाला कुंपण घालण्याच्या कामाने त्यानंतरच जोर धरला.

बोरघाट, कोकण आणि दौंड-मनमाड

महाराष्ट्रात हा फरक अभ्यासायला जागोजाग धडे मांडून ठेवले आहेत. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईहून सोलापूर आणि शिर्डीसाठी वंदे भारत सुटल्या. एक बोरघाट चढते, दुसरी थळघाट. दोन्ही घाटांचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर. इतर गाड्यांना कर्जत आणि कसारा इथे मागून ढकलणारी जादा इंजिने, रेल्वेच्या बोलीत 'बँकर', लावावी लागतात. कर्जतच्या फलाटावरचा वडा त्या थांब्यावरच मोठा झाला. वंदे भारतला बँकर लागत नाही. निम्मे आस आपापली ताकद लावतात आणि गाडी एका दमात घाट चढते. नव्या रेकचा खराखुरा फायदा कुठे दिसतो, असे कुणी विचारले तर त्याला राजस्थानातल्या चाचणीपट्टीवर न नेता बोरघाटात न्यावे.

तरीही शिर्डीच्या गाडीची सरासरी ताशी ६४ च्या आसपास निघाली. २०२२-२३ पर्यंतच्या आकडेवारीत ती सर्वांत संथ वंदे भारत ठरली, तर दिल्ली-वाराणसीची गाडी ९५ सह सर्वांत वेगवान. एकाच कारखान्यातून आलेल्या दोन बहिणींत ताशी ३० किलोमीटरचे अंतर. घाट उतरताना ब्रेकच्या भरवशावर कुणी धाडस करत नाही, आणि कल्याणपासून मुंबईपर्यंत लोकलच्या दाटीतून वाट काढावी लागते. मुंबई-पुणे हे १९२ किलोमीटर पार करायला डेक्कन क्वीनला तीन तासांहून थोडे अधिक लागतात आणि सोलापूर वंदे भारतलाही साधारण तेवढेच. १ जून १९३० पासून धावणाऱ्या राणीला २०२२ मध्ये एलएचबी डबे मिळाले, जेवणाचा डबाही टिकला. वेळ मात्र तिच्या डब्यांवर कधीच अवलंबून नव्हती. ती घाटाने आणि उपनगरी वाहतुकीने ठरवलेली आहे.

कोकणातला धडा आणखी स्पष्ट आहे. जून २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-मडगाव वंदे भारत उन्हाळ्या-हिवाळ्यात पावणेआठ तासांत मडगाव गाठते. पावसाळी वेळापत्रक लागू झाले की त्याच प्रवासाला दहा तासांच्या आसपास लागतात. दरडी, कटिंग आणि पाणी यांचे भान ठेवून कोकण रेल्वे दर पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवते. तो शहाणपणाचाच निर्णय आहे. रेक बदलला नाही, क्रमांक बदलला नाही, भाड्याचा वर्गही तोच. बदलली ती फक्त जमीन, आणि तिने दोन तासांहून अधिक घेतले.

नागपूरच्या अजनीहून पुण्याला येणारी वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. ८८१ किलोमीटर, बारा तास, सरासरी ७३. विदर्भातून पुण्याला शिकायला आणि नोकरीला आलेल्या हजारो मुलांनी या मार्गावर आजवर खासगी बसच्या दिवाळीतल्या दरांनी खिसा रिकामा केला आहे. त्यांच्यासाठी ही गाडी मोठा दिलासा. पण वाटेतला दौंड-मनमाड मार्ग वर्षानुवर्षे एकेरी राहिला आणि दुहेरीकरण टप्प्याटप्प्याने पुढे सरकत आहे. ते जसजसे पुरे होईल, तसतसे याच गाडीचे तास कमी होऊ शकतील, तेही नवा डबा न बांधता.

दुसऱ्या देशांच्या पाट्या

युरोपीय संघाने १९९६ मध्ये ठरवलेली 'हायस्पीड'ची व्याख्या रोकडी आहे. नवा मार्ग असेल तर ताशी २५० किंवा अधिक, सुधारलेला जुना असेल तर २०० च्या आसपास. या व्याख्येत गाडीइतकाच मार्गही येतो. ती लावली तर आपल्याकडे आज धावणारी एकही गाडी 'हायस्पीड' ठरत नाही. म्हणून १६० च्या आसपासच्या गाड्यांना आपण 'सेमी हायस्पीड' म्हणतो.

चीनमध्ये क्रमांकाचे पहिले अक्षरच बरेच सांगते. 'जी' म्हणजे साधारण ३०० ते ३५० ची गाडी, 'डी' म्हणजे २०० ते २५० ची. अर्थात तिथेही पाटी फसवते. फूशिंग या अतिवेगवान मालिकेचे नाव घेऊन ताशी १६० चीच इंजिनाने चालणारी गाडीही धावते आणि तिलाही 'डी' क्रमांक मिळतो. जपानमध्ये १ ऑक्टोबर १९६४ पासून चालणाऱ्या तोकाइदो शिंकान्सेनवर नोझोमी, हिकारी, कोदामा असे तीन प्रकार आहेत. एकाच बनावटीचे रेक तिन्हींत धावतात. भेद फक्त थांब्यांचा. नोझोमी मोजक्या ठिकाणी थांबते, कोदामा प्रत्येक स्टेशनावर. त्या रुळांवर मालगाडी नाही, फाटक नाही. मार्गाचा वेग एकदा नक्की झालेला असल्यामुळे नावाला फक्त थांबे सांगण्याचे काम उरते.

नव्या गाड्या आणि लातूर

डिसेंबर २०२३ मध्ये आलेली अमृत भारत एक्स्प्रेस बातम्यांत मागे राहिली, पण सामान्य प्रवाशासाठी तिचे मोल मोठे. वातानुकूलन नाही, फक्त स्लीपर आणि जनरल डबे, दोन्ही टोकांना एकेक इंजिन आणि झटके न देणारी जोडणी. एक ओढते, एक ढकलते, त्यामुळे वेग लवकर चढतो. वंदे भारतचा फायदा चेअर कार परवडणाऱ्यांपुरता राहू नये, याचे हे स्वस्तातले उत्तर आहे.

लांबच्या रात्रप्रवासासाठी वंदे भारतची शयनयान आवृत्ती बीईएमएल या सरकारी कंपनीने आयसीएफच्या आराखड्यावर बांधली. सप्टेंबर २०२४ मध्ये बेंगळुरूत तिचा पहिला संच दाखवला गेला. जानेवारी २०२५ मध्ये कोटा विभागात तिने १८० गाठले आणि टेबलावर ठेवलेल्या, न डुचमळणाऱ्या पाण्याच्या ग्लासाची चित्रफीत घरोघरी पोहोचली. ग्लास स्थिर राहिला याचे श्रेय बोगीला आहेच, पण निम्मे श्रेय त्या खास निवडलेल्या पट्टीवरच्या रुळांचे.

याच शयनयान गाड्यांचे १२० संच लातूरच्या मराठवाडा रेल कोच फॅक्टरीत बनवण्याचा करार रेल विकास निगम आणि रशियाची ट्रान्समॅशहोल्डिंग यांच्या संयुक्त कंपनीशी २०२३ मध्ये झाला. हा कारखाना २०१८ च्या भूमिपूजनातून उभा राहिला आणि २०२० च्या डिसेंबरात त्यातून पहिला डबा बाहेर पडला. पुढे मात्र आराखड्यावरच्या चर्चेत बराच काळ गेला. टँकरने आणि मग रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या जिल्ह्यात रेल्वेचा कारखाना रोजगाराचे मोठे आश्वासन आहे. लातूरकर त्याच्या पूर्ततेची वाट पाहत आहेत.

वेगळे रूळ

वेगाचा प्रश्न मुळातून हाताळणारा एकच प्रकल्प सध्या देशात आकार घेत आहे. मुंबई-अहमदाबाद हायस्पीड मार्ग, ५०८ किलोमीटर, बारा स्थानके, ताशी ३२०. सप्टेंबर २०१७ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर सोडून तो १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर जातो. म्हणजे त्याची गाडी कधीच दादरला किंवा बोरिवलीला येणार नाही आणि आपली मालगाडी कधीच त्याच्या वाटेत उभी राहणार नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा आहे आणि त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखाली. पालघर-ठाण्यातल्या भूसंपादनाचा वाद, अजस्र खर्च, भाडे कुणाला परवडणार हा प्रश्न, हे सगळे खरे आणि त्यावर बोलायलाच हवे. पण अभियांत्रिकीच्या क्रमाने पाहिले तर इथे आधी मार्ग ठरला, मग वेग आणि शेवटी गाडी. जपानी शिंकान्सेनबरोबरच देशी गाडीचाही विचार झाला आणि ताशी २८० साठी आखलेले दोन संच बांधण्याचे काम आयसीएफने ऑक्टोबर २०२४ मध्ये बीईएमएलला सुमारे ८६७ कोटींना दिले. पेरांबूरचीही ही पहिली खरी हायस्पीड परीक्षा.

बाकी देशाला असे वेगळे रूळ लवकर मिळणार नाहीत. त्याची गरजही सगळीकडे नाही. गरज आहे ती आकड्यांच्या प्रामाणिकपणाची. प्रत्येक गाडीच्या नावापुढे वेळापत्रकात तीन आकडे छापावेत. रेकची क्षमता, मार्गाची कमाल मर्यादा आणि प्रत्यक्ष सरासरी. सुपरफास्टची ५५ ची रेघ निदान ७५ वर न्यावी आणि छापील वेळापत्रकातच जी ती ओलांडत नाही तिच्याकडून जादा आकार घेऊ नये. असे झाले तर मंत्र्यांना नव्या गाडीचे नाव जाहीर करण्याइतकेच दौंड-मनमाडचे दुहेरीकरण पुरे झाल्याचे जाहीर करावेसे वाटेल. खासदार आपल्या गावाला थांबा मागताना त्याची किंमत मिनिटांत किती, हेही पाहतील. तिकिटाचे पैसे वेगाच्या नावाने घेतले जातात, तेव्हा वेग मोजून दाखवण्याची जबाबदारीही घेणाऱ्याचीच. झेंडूची माळ गाडीला घालायला हरकत नाही, पण तासांचा हिशेब रुळांकडूनच मागायला हवा.